पहिले तीस किलोमीटर

"तुमच्या वडिलांनी ही गाडी जपून जपून मारली," मेकॅनिक म्हणाला आणि त्यानं टॉर्च माझ्या हातात दिला.

मी वाकून आत पाहिलं. इंजिनाचा वरचा भाग काढून बाजूच्या टेबलावर ठेवला होता आणि खाली चार गोल विहिरी उघड्या पडल्या होत्या. विहिरींच्या भिंती इतक्या चकाकत होत्या की टॉर्चच्या उजेडात मला माझ्याच नाकपुड्या दिसल्या. आमच्या घरात चकाकणाऱ्या वस्तूला कुणी कधी नावं ठेवलेली नव्हती, म्हणून मी म्हणाले, "छान स्वच्छ आहे की." मोठे डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे पाहतात तसं मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं. "स्वच्छ नाही ताई, गुळगुळीत. नव्या इंजिनाची भिंत खरखरीत असते. पिस्टनच्या रिंगा तिच्यावर घासल्या की त्या एकमेकींच्या मापात बसतात. पण घासायला जोर लागतो. ह्यांनी जोरच लावला नाही. रिंगा बसल्या नाहीत, भिंत तेवढी तुळतुळीत झाली. मग फटीतून तेल वर येणार, जळणार, निळा धूर निघणार." मी विचारलं, हे कधीपासून? "पहिल्या महिन्यापासून," तो म्हणाला आणि त्यानं टॉर्च परत घेतला. त्याला वाटलं असावं, एवढं पाहिलं तेवढं पुरे.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात त्यांच्याबद्दल कुणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं, आणि सरळ शब्दही एकच होता: जपून वागणारा माणूस. शोकसभेत त्यांच्या खात्याचे साहेब हेच बोलले, शेजारी हेच बोलले. दादा बोलायला उभा राहिला तेव्हा त्यानं हेच वाक्य जरा लांबवून सांगितलं. आणि आता हा काळ्या नखांचा माणूस ऐन दुपारी मला सांगत होता की तोच गुन्हा होता. मला राग यायला हवा होता. पण कुणीतरी खोलीची खिडकी धाडकन उघडावी आणि आपल्याला आधी धूळ दिसावी, तसं झालं. आम्ही त्या निळ्या धुराला बावीस वर्षं गाडीचा स्वभाव समजत होतो. आई म्हणायची, "तुझ्या बाबांच्या बाईला दमा आहे."

बाई म्हणजे गाडी. आई तिला उघडउघड सवत म्हणायची, आणि तिचं काही फार चुकत नव्हतं. बाबा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. जमिनीखालच्या नळांचे नकाशे. जे कुणाला दिसत नाही ते नीट आखून ठेवणं हा त्यांचा धंदा आणि स्वभावही. अशा माणसानं एका मंगळवारी, कुणाला न विचारता, दोन दारांची लाल गाडी आणली. ती दोनशेच्या वर पळते असं काट्यावर छापलेलं होतं. गाडी दारात लावून ते आतल्या खोलीत जाऊन बसले, परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखे. का आणली, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला वाटतं, एवढं एक केलं आणि मग उरलेलं सगळं आयुष्य त्याची माफी मागण्यात घालवलं, ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या वेगानं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की पहिले हजार किलोमीटर जरा बेतानं घ्या. बाबांनी मागच्या काचेवर पाटी लावली, नकाशातल्या सुवाच्य अक्षरांत: नवीन इंजिन, कृपया पुढे जा. हजार किलोमीटर झाले, तेव्हा बाबांना शंका आली की मोजण्यात काही चूक झाली असेल, म्हणून आणखी हजार. पाटी बावीस वर्षं राहिली. लोक पुढे गेले. सायकलवाले गेले, दुधाचा टेम्पो गेला, एकदा एक शववाहिकाही आम्हाला ओलांडून गेली. आतल्या नातेवाइकांनी आमच्याकडे वळून पाहिल्याचं मला आठवतं. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सहानुभूती होती.

मेकॅनिकनं इंजिन बांधायला सात आठवडे घेतले. मधून मधून मी दवाखान्यातून परस्पर तिथे जायची. माझं काम कानांचं आहे. आवाज बाहेर न जाणाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, बारीकसा आवाज आला की दाबा. मी काचेच्या अलीकडे बसते आणि वेगवेगळ्या उंचीचे सूर पाठवते. एकवीस वर्षं हे केल्यावर मला माणसांबद्दल एकच गोष्ट खात्रीनं सांगता येते: ती न ऐकता बटण दाबतात. नापास व्हायची भीती माणसाला साठीतही सोडत नाही. म्हणून मी मध्येच मुद्दाम काही पाठवत नाही, नुसती बसून राहते, आणि समोरचा माणूस त्या शांततेला गंभीर चेहऱ्यानं हो म्हणत असतो. गॅरेजमध्ये तसं नव्हतं. तिथे पान्याखाली नट किरकिरला की तो किरकिरायचाच. मेकॅनिकनं त्या चारही भिंती घासून पुन्हा खरखरीत केल्या, आडव्यातिडव्या बारीक रेघा मारल्या, आणि मला बोट फिरवून बघायला लावलं. बोटाला मांजराच्या जिभेसारखं लागलं. "हे शेवटचं माप आहे," तो म्हणाला. "मी भिंती जितक्या खरवडता येतात तितक्या खरवडल्या. यापुढे खरवडायला भिंतच उरत नाही. आता ह्या रिंगा बसल्या तर बसल्या."

"आणि नाही बसल्या तर?"

"तर मग हिच्यात झाडं लावा."

त्याच्या गॅरेजची एक रीत होती. नव्यानं बांधलेल्या इंजिनाचे पहिले तीस किलोमीटर मालकानं स्वतः चालवायचे. कबूल नसेल त्याचं इंजिन तो उघडतच नसे. मी म्हटलं, अहो, तुम्हीच चालवा ना, तुम्हाला कळतं. तर तो म्हणाला, "मी दाबून देतो हो. पण मग मालक घरी नेतो आणि जपत बसतो. स्वतः एकदा दाबलं की भीती मोडते." मग त्यानं कृती सांगितली, दोनदा, आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतली. बंद पडलेल्या सिमेंटच्या कारखान्यामागे सरळ रस्ता आहे, तिकडे जायचं. तिसरा गिअर. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोनवर, म्हणजे दोन हजारांवर, असताना पाय खाली दाबायचा आणि साडेपाचपर्यंत सोडायचा नाही. मग पाय एकदम काढायचा. ब्रेक लावायचा नाही, गाडीला इंजिनानंच थांबवू द्यायचं, काटा परत दोनवर येईपर्यंत. मग पुन्हा. असं पंधरा वेळा. एका वेगात चालवायचं नाही, उभी करून चालू ठेवायची नाही. "जोर लावला की रिंग भिंतीवर दाबली जाते. पाय काढला की उलटा ओढा बसतो आणि घासलेला चुरा तेलाबरोबर निघून जातो. तीस किलोमीटर. त्यानंतर भिंत जशी असेल तशी गुळगुळीत व्हायला लागते, मग काही करता येत नाही. संध्याकाळी माझ्याकडे आणा, फिल्टर कापून चुरा बघू." आणि मग, मी दारापर्यंत पोचल्यावर, "ताई, शेजारी कुणी बसलं तर त्याचं ऐकू नका."

कुणाच्याही वाक्यांत आपल्या आयुष्याचे अर्थ शोधायची सवय मला कॉलेजात लागली. ती वाईट सवय आहे. तरी घरी जाताना मला माझा नवरा आठवला. आम्ही एकोणीस वर्षं एकमेकांना जपलं. घरात आवाज चढला नाही, दार आपटलं नाही. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हाही आधी त्यानं मला विचारलं की तुला आत्ता बोलायला वेळ आहे ना. पुस्तकं वाटून घेताना प्रत्येक जण चांगलं पुस्तक दुसऱ्याच्या खोक्यात ठेवत होता. वकील म्हणाला, इतकं समंजस जोडपं मी पाहिलेलं नाही, आणि हे बोलता बोलता त्यानं सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. आम्हाला भांडायचं नव्हतं असं नाही. पण भांडायला एकमेकांवर टेकावं लागतं.

शेजारी बसणार होता दादा. गाडीच्या कागदांवर आमची दोघांची नावं होती, आणि इंजिन उघडायला त्यानं एका अटीवर होकार दिला होता: पहिल्या दिवशी तो सोबत येणार, आणि गाडी बाबांसारखीच चालली पाहिजे. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बाटल्यांच्या कारखान्यात तो तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होता. फाटकावर एक मोठा फळा असायचा, शेवटच्या अपघाताला इतके दिवस झाले असा, आणि रोज सकाळी तो आकडा दादा स्वतःच्या हातानं बदलायचा. बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींवर आपटत जायच्या त्या आवाजात त्यानं हजारो कामगारांच्या कानांत बोळे घालायला लावले. स्वतः घातले नाहीत. मी बोळे घातले तर कामगारांच्या तक्रारी कशा ऐकू, असं त्याचं म्हणणं. चार वर्षांपूर्वी वहिनीनं त्याला माझ्या दवाखान्यात पाठवलं, कारण टीव्हीचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायला लागला होता. मी दादाला खोलीत बसवलं. तो बटण दाबू लागला, ठेक्यात, शाळेत कवायतीला पाय आपटायचा तसा. मी अठरा सूर पाठवले. त्यानं बटण एकेचाळीस वेळा दाबलं. मी पेन्सिलीला टोक करत होते तेव्हाही दाबलं. आणि काचेतून तो माझ्याकडे असं बघत होता की, बघ, एकही सुटला नाही. मी रिपोर्टवर लिहिलं: वयाच्या मानाने योग्य. एकवीस वर्षांत मी एकच खोटा रिपोर्ट लिहिला, आणि त्या रात्री मला फार चांगली झोप लागली, याचंच मला पुढे बरेच दिवस वाईट वाटत होतं.

रविवारी सकाळी साडेसातला तो गॅरेजच्या दारात उभा होता. पांढरा शर्ट, कमरेला पट्टा, बगलेत आग विझवायचा लाल नळकांडा. "हे कशाला?" मी विचारलं. "नवीन इंजिन आहे," तो म्हणाला, आणि तो नळकांडा मांडीवर उभा धरून, बाळाला घेऊन बसावं तसा शेजारी बसला. वहिनीनं पाठवलेली उशी त्यानं पाठीशी घातली. मेकॅनिक खिडकीपाशी आला, दादाकडे पाहिलं, नळकांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेला. किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात चालू झालं. त्या आवाजात बाबांच्या वेळची ती खोकल्याची लय नव्हती. खालच्या पट्टीत काहीतरी कोरडं, खडबडीत, झोपेतून उठलेल्या माणसानं पहिलाच शब्द शिवी उच्चारावा तसं. दादा म्हणाला, "आवाज छान शांत आहे."

कारखान्यापर्यंत सहा किलोमीटर मी वेग वरखाली करत गेले. दादाच्या दृष्टीनं हे वाईट चालवणं होतं. "एका चालीनं घे ना. बाबा कसे, काटा हलायचा नाही." मी हूं म्हटलं. आयुष्यभर मी दादाला हूं म्हणत आले आणि मग मला हवं ते पाठीमागे करत आले. कॉमर्स घेते म्हणून कॉलेजात गेले आणि सायन्सच्या खोलीत जाऊन बसले. लग्न त्याला न कळवता ठरवलं आणि पत्रिका त्याच्या आवडीची छापली. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ह्याला आमच्याकडे मान राखणं म्हणतात.

रस्ता रिकामा होता. डावीकडे कारखान्याची लांबच लांब भिंत, वर काटेरी तार, उजवीकडे सिमेंटच्या धुळीनं करडी झालेली झुडपं. काटा दोनवर आणला आणि पाय दाबला. आसन पाठीत घुसलं. गाडीत इतकं काही होतं, आणि ते बावीस वर्षं आमच्या दारात उभं होतं! तीन, चार, पाच, साडेपाच. पाय काढला. गाडी ओढ घेत मंदावली, मागच्या नळीतून फटफट आवाज आला. दादाचा एक हात नळकांड्यावर, दुसरा माझ्या आसनावर. "हे काय होतं?"

"चढ होता."

"काटा शंभरच्या पुढे गेला."

"काटा नवीन बसवलाय दादा. जरा पुढचं दाखवतो."

ही थाप मी कुठून आणली मला माहीत नाही. अशा थापा माझ्याकडे भरपूर साठवलेल्या असतात. दुसऱ्या वेळी मी सांगितलं, समोर खड्डा होता, तो चुकवला. तिसऱ्या वेळी, मागून ट्रक येत होता. दादानं मागे वळून पाहिलं. रस्त्यावर एक कुत्रं होतं, तेही बसलेलं. पाचव्या वेळी कारणं संपली. मी कारण न देता नुसतीच दाबली, आणि मला वाटलं की आपण काहीतरी फोडलं. "हळू," दादा म्हणाला. "अगं हळू. हळू म्हणतोय ना." सहा. "बाबांची गाडी आहे ही." सात. "तू मुद्दाम करतेयस." आठव्या वेळी मी हो म्हणाले. नवव्या वेळी गाडी मंदावत चाळिसाच्या आत आली तेव्हा त्यानं शांतपणे हात पुढे करून हँडब्रेक ओढला. गाडी आचके देत थांबली आणि बंद पडली. त्यानं किल्ली काढली, दार उघडलं, नळकांडा घेऊन खाली उतरला आणि किल्ली शर्टाच्या खिशात घालून वरचं बटण लावलं. सगळं नियमाप्रमाणे, आधी यंत्र बंद, मग चौकशी.

मी उतरले. उन्हात बॉनेटखालून टिकटिक येत होती, गरम धातू आकसत होता. माझ्या डोक्यात मेकॅनिकचे आकडे फिरत होते: पंधरा किलोमीटर गेले, पंधरा उरले. गाडी अशीच पंचेचाळिसानं घरी नेली तर रिंगा अर्ध्यावर राहणार, भिंत गुळगुळीत होणार आणि बाबा पुन्हा एकदा मरणार, या वेळी माझ्या हातून.

"बाबांनी बावीस वर्षं चालवली," दादा म्हणाला. "एक ओरखडा नाही."

"बाहेरून."

"मला शिकवू नकोस. मी तीस वर्षं यंत्रांत काढली. मला आवाज कळतो. इंजिन ओरडत होतं."

"केव्हा? दाबताना की सोडताना?"

"सगळ्याच वेळी."

"आणि आत्ता?"

"आत्ता काय? आत्ता बंद आहे."

टिकटिक चालू होती. मला ती मोजता आली असती. "दादा, तुला ऐकू येत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी चार वर्षं तोंडात धरून होते, म्हणून ते फार हळू आवाजात बाहेर पडलं आणि मला ते पुन्हा, ओरडून म्हणावं लागलं. कारखान्याच्या भिंतीवरून ते परत आलं. "मी अठरा सूर पाठवले. तू एकेचाळीस वेळा बटण दाबलंस. मी खोटं लिहिलं."

मला वाटलं, तो चिडेल, किंवा रस्त्याच्या कडेला बसेल. तो नळकांड्याच्या पिनेशी चाळा करत म्हणाला, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुझी वहिनी मला चौकातल्या त्या दवाखान्यात नेत होती. मी म्हटलं, घरची असताना बाहेर कशाला. बहीण बरोबर लिहील."

"बरोबर म्हणजे?"

"म्हणजे तू जे लिहिलंस ते."

चार वर्षं मी त्या रिपोर्टाला माझा दयाळूपणा समजत होते. चोरून केलेला, म्हणून जास्तच मोठा. आणि तो मागवलेला माल निघाला. मला कुणी कधी इतकं ओळखलं नव्हतं, आणि हे मला अजिबात आवडलं नाही. मी त्याला जपत होते तेव्हा तो मला वापरत होता. की त्यालाही वाटत असेल की तो मलाच जपतोय, माझं खोटं ओळखूनही ते मला न दाखवता? आमच्या घरात हे असं होतं, कोण कुणाला जपतंय ते उलगडायला माणूस ठेवावा लागेल. बाबांची आठवण झाली. मागच्या काचेवर पाटी, पुढच्या काचेत दोन्ही हातांनी धरलेलं चाक, आणि बाजूनं जाणाऱ्या प्रत्येकाला दिलेलं ते ओशाळं हसू. आम्ही एवढे मोठे झालेलो, तरी मागच्या आसनावर लहान मुलांसारखे खाली सरकून बसायचो, कुणी ओळखीचं पाहू नये म्हणून. दादा सर्वांत खाली सरकायचा.

मी हात पुढे केला. "किल्ली."

"आधी कबूल कर, पंचेचाळीस."

मी काही कबूल केलं नाही. वाद घातला नाही, थाप मारली नाही, हूं म्हटलं नाही. हात तसाच ठेवला. आजवर मी हात पुढे केला की थोड्या वेळानं मीच तो खाली घ्यायची, हे दादाला पाठ होतं, म्हणून तो वाट पाहत होता. हाताला रग लागली. खांद्यात कळ आली. एक कावळा भिंतीवरच्या तारेवर येऊन बसला, आणि आम्हा दोघांत काही खाण्यासारखं नाही हे पाहून उडून गेला. मी हात खाली घेतला नाही. अख्ख्या आयुष्यात मी एवढी एकच मोठी गोष्ट केली असेल, आणि ती बाहेरून अगदी भीक मागितल्यासारखी दिसत होती. शेवटी दादानं बटण काढलं आणि किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली. "बरं, चल. पण हळू."

"नाही," मी म्हणाले. "आणि तू इथेच थांब."

"इथे? उन्हात?"

"उशी देते हवी तर."

उशी त्यानं घेतली नाही. मी गाडी चालू केली. आरशात तो दिसला, रस्त्याच्या कडेला, पांढरा शर्ट, हातात लाल नळकांडा, आग लागायची वाट पाहत असल्यासारखा. दहावी खेप मी त्याच्यापासून दूर जाताना घेतली. रस्त्याच्या टोकाला वळले आणि अकरावी त्याच्याकडे येताना. त्यानं माझ्याकडे पाठ केली होती. त्याच्या पाठीवरचा शर्ट वाऱ्यानं फुगला आणि मी पुढे निघून गेले. बाराव्या वेळी तो घड्याळात बघत होता. तेव्हा मला जाणवलं की तो आरशात मला स्वच्छ दिसतोय. बाबांच्या गाडीतून मागचं जग नेहमी निळसर असायचं, झाडं निळी, माणसं निळी. आता मागे नुसतं ऊन होतं. आणि पाय काढल्यावर गाडीची ओढही बदलली होती. सकाळी ती नुसती घरंगळायची, आता मागून कुणी कंबर घट्ट धरावी तशी अडायची. आत काहीतरी कशावर तरी टेकलं होतं. मी मोठ्यानं ओरडले. शब्द नव्हता तो. सिमेंटच्या कारखान्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

तेराव्या वेळी दादानं हात वर केला. थांब, असा. मला थांबता येत नव्हतं. काटा चारवर होता, पाय नुकताच काढलेला, ब्रेक लावायचा नाही हा नियम. मी त्याच्या समोरून फटफटत, मंदावत, त्याच्याकडे बघत बघत निघून गेले. त्याचा हात वरच राहिला. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, आणि मी त्या वाईट वाटण्याला पायाच्या अंगठ्यापर्यंत येऊ दिलं नाही. चौदावी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी वळायला गेले तर तो तिथे उभा होता. वळताना गाडी हळू करावीच लागते, हे त्यानं हेरलं होतं. एवढं अंतर तो त्या उन्हात नळकांड्यासकट चालत आला होता. साठीचा माणूस, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. मी आतून दार ढकललं. "लवकर चढ. उभी ठेवायची नाहीये."

तो चढला. पट्टा बांधला. त्याचा श्वास जोरात चालला होता. "चौदा झाल्या," तो म्हणाला.

"तू पाठ करून उभा होतास."

"पायाला कळतं. रस्ता थरथरतो."

मी काटा दोनवर आणला आणि पाय दाबला. भिंत, तार, झुडपं एकमेकांत मिसळली. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं की दादानं नळकांडा पायांपाशी ठेवला आहे आणि डावा हात दाराच्या पत्र्यावर पसरून धरला आहे, डॉक्टर छातीवर ठेवतात तसा. त्याचे ओठ हलत होते. तो हळू म्हणत असेल, किंवा आकडे मोजत असेल. साडेपाच. पाय काढला. गाडीनं आम्हा दोघांना पुढच्या काचेकडे झुकवलं आणि मंदावायला लागली, पाच, चार, तीन.

"पंधरा झाल्या," दादा म्हणाला, आणि त्यानं हात पत्र्यावरून काढून मांडीवर ठेवला, काम संपल्यासारखा. "इथून वळव. घरी वाट बघत असतील."

काटा दोनवर आला. समोर रस्ता बराच उरला होता. सोळावी कुणी सांगितली नव्हती, ना मेकॅनिकनं, ना कुठल्या नियमानं.

"अगं, वळव ना."

"ऐकलं मी," मी म्हणाले आणि पाय खाली दाबला.